रोहित बघून झाले? आता कडेचा गाळ बघा

भिगवणला येणाऱ्या गाड्या रोहित पक्ष्यांसाठीच (फ्लेमिंगोंसाठी) येतात. ते खुशाल बघा. मग होडीवाल्या दादांना म्हणा, "आता कडेकडेनं घ्या, इंजिन बंद करून." तुतवार, चिखल्या, टिलवे असे गाळात चरणारे पक्षी तिथं असतात, त्यातले बरेचसे मध्य आशिया-सायबेरियाकडून आलेले.

भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा, म्हणून कधी यायचं हे उजनीची पातळी बघून ठरवा. तुतवार ऑगस्टमध्येच येतात, पण तेव्हा धरण भरत असतं आणि गाळ पाण्याखाली. त्या दिवसांत आसपासचे पाझर तलाव, ओढे धुंडाळा. रब्बीचं आवर्तन, म्हणजे रब्बी पिकांसाठी धरणाचं पाणी, सुटलं की फुगवट्याचं पाणी मागं सरतं, रोज नवा ओला पट्टा उघडा पडतो आणि त्यातल्या अळ्या-किड्यांवर पाखरं तुटून पडतात. जानेवारी ते मार्च माझा हंगाम. धरण ‘मायनस’मध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पातळी त्याखाली गेली, की पाणी फार लांब जातं. तेव्हा वाळलेल्या पापुद्र्यावरून चालत जायचा मोह नको, खाली गुडघाभर चिखल असतो.

ओळखताना रंगाच्या नादी लागू नका; हिवाळ्यात बहुतेक सगळे करडे-तपकिरी. कोण किती पाण्यात उभा आहे ते आधी बघा. शेकाट्या बारमाही इथलाच, गुलाबी लांब पायांचा. त्याला माप धरा. त्याच्याच आसपास, पोटापर्यंत पाण्यात लांब सरळ चोच खुपसणारा तो ब्लॅक-टेल्ड गॉडविट. ओल्या कडेला शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवणारा चिमणीएवढा जीव म्हणजे टिलवा: पाय काळे तर छोटा, पिवळसर तर टेमिंकचा. कोरडसर गाळावर चार पावलं धावून गपकन थांबतो तो चिखल्या. डोळ्याभोवती पिवळं कडं दिसलं तर त्यातलाच छोटा कंठेरी.

खरी डोकेदुखी तुतवारांची. शेपूट सारखी खालीवर आणि पंखाच्या पुढं खांद्याकडं घुसलेली पांढरी पट्टी असेल, तर साधा तुतवार. हिरवा आणि ठिपकेवाला मात्र बसलेले असताना फसवतात. ते आपणहून उडेपर्यंत थांबा: पंखाची खालची बाजू काळपट तर हिरवा, फिकी तर ठिपकेवाला.

८ × ४२ची दुर्बीण पुरते. स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) काठावरच वापरा, होडीत तो नुसता हलतो. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी होडी लावून घ्या, नाहीतर सगळे पक्षी काळ्या सावल्या.

फोटोसाठी थवा उडवायला लावणाऱ्यांबरोबर मी होडीत बसत नाही. परतीच्या प्रवासासाठी या पाखरांना अंगावर चरबी साठवायची असते; दर उड्डाणाला ती खर्च होते. चरणं थांबवून माना वर केल्या, की होडी तिथंच थांबवायची.

मार्चअखेरीला एक फेरी ठेवाच. गॉडविटची मान तोवर विटकरी व्हायला लागलेली असते, त्यामुळे पुस्तकातलं हिवाळी पिसाऱ्याचं चित्र सोडून उन्हाळी चित्राशी ताडून बघा.