१९०८ चा सिडनी रग्बी लीग हंगाम ठाण्यात बसून कसा उभारावा

सिडनीच्या शहर-स्पर्धेचा पहिला हंगाम १९०८ चा. सलामीचे सामने २० एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी झाले आणि शनिवारी २९ ऑगस्टला अंतिम सामन्यात साउथ सिडनीने ईस्टर्न सबर्ब्जला १४-१२ असे हरवले. एवढे कुठेही सापडते. हंगाम उभारायचा म्हणजे त्यातला प्रत्येक सामना त्या वेळच्या छापील वृत्तांताशी भिडवायचा आणि मगच गुणतक्ता मांडायचा. तयार तक्ता आधी उचलला की पुढे सगळे पुरावे त्याच्याशी जुळवून घेण्याचा मोह होतो, म्हणून तो शेवटपर्यंत उघडूच नका.

आधी एक गोंधळ निस्तरू. रग्बी लीग आणि रग्बी युनियन हे दोन वेगळे खेळ आहेत. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत दिसतो तो सात जणांचा रग्बी युनियनच्या कुळातला. २०२५ मध्ये अंधेरीला झालेल्या रग्बी प्रीमियर लीगच्या नावात ‘लीग’ आहे, पण खेळ युनियनच्याच घरातला. लीगमध्ये तेरा जणांचा संघ असतो, युनियनमध्ये पंधरा. ही तेरा-पंधराची खूण पुढे फार उपयोगी पडणार आहे.

साधन एकच लागते: ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ. जुनी वर्तमानपत्रे तिथे फुकट वाचता येतात, त्यासाठी नावही नोंदवावे लागत नाही. ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ १९५४ पर्यंत मिळतो. ‘रेफरी’ हे खेळाला वाहिलेले पत्र दर बुधवारी निघे, आणि रोजच्या पत्रात चार ओळींत उरकलेला सामना तिथे बऱ्याचदा सविस्तर मिळतो. शोधशब्द अर्थातच इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकायचे.

शोध तारखेवरून करा, संघाच्या नावावरून नको. सामने बहुतेक शनिवारी होत आणि हेरल्ड रविवारी निघत नसे, म्हणून वृत्तांत सोमवारच्या अंकात पाहायचा. सलामी मात्र सोमवारी झाली, तिचा वृत्तांत मंगळवार २१ एप्रिलला. अंतिम सामन्यासाठी सोमवार ३१ ऑगस्टचा अंक. आधी न्यू साउथ वेल्स हे राज्य निवडा, मग वर्ष, मग महिना, आणि त्या दिवसाचे क्रीडापान डोळ्यांनी वाचा. वेळ लागतो, पण शोधात न सापडणारे सामने असेच हाती लागतात.

नावावरून शोधले की काय होते? ग्लीब, न्यूटाउन, बालमेन, साउथ सिडनी, नॉर्थ सिडनी, ईस्टर्न सबर्ब्ज, वेस्टर्न सबर्ब्ज ही सगळी उपनगरांची नावे आहेत आणि त्याच नावांचे संघ त्याच शहरात, त्याच शनिवारी युनियनच्या स्पर्धेतही खेळत होते. न्यूटाउन विरुद्ध ग्लीब असा निकाल मिळाला म्हणजे तो लीगचाच, असे धरून चालत नाही. मथळ्यात ‘लीग’ किंवा ‘नॉर्दर्न युनियन’ आहे का ते पाहा. त्या काळी या नव्या खेळाला तेही नाव होते. मथळा अर्धवट असेल तर खेळाडू मोजा. तेही नसतील तर गुण कसे मिळाले ते बघा: गोल म्हणजे चेंडू लाथेने दोन खांबांमधून आडव्या दांड्यावरून मारणे. युनियनमध्ये तेव्हा पेनल्टी गोलला (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली लाथ) ३ आणि ड्रॉप गोलला (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून मारलेली लाथ) ४ गुण होते, लीगमध्ये प्रत्येक गोलला २. शिवाय दुय्यम श्रेणीचे सामनेही त्याच रकान्यात येतात. आपल्याला फक्त पहिली श्रेणी हवी.

आता शीट. एका सामन्याला एकच ओळ. रकाने असे: तारीख, फेरी, मैदान, पहिला संघ, त्याचे ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे), गोल, गुण, दुसरा संघ, त्याचे ट्राय, गोल, गुण, वर्तमानपत्र, अंकाची तारीख, पान, लेखाचा कायमचा दुवा, शेरा. संघाचे नाव प्रत्येक वेळी अगदी एकसारखे लिहा, त्यासाठी ड्रॉपडाउन लावून टाका. एकदा ‘ईस्टर्न सबर्ब्ज’ आणि एकदा ‘ईस्ट्स’ लिहिले की सूत्राच्या लेखी ते दोन संघ होतात आणि बेरीज गुपचूप चुकते. ट्राय आणि गोलांचे रकाने माहिती नसेल तर रिकामे ठेवा, शून्य लिहू नका. शून्य हीसुद्धा एक माहिती असते.

आकडा नेहमी पानाच्या चित्रावरूनच घ्या. डावीकडे दिसणारा मजकूर यंत्राने वाचलेला असतो. त्यात ३ चा ८ होतो, ५ चा ६ होतो, शून्याच्या जागी इंग्रजी ओ येतो. चूक दिसली तर तो मजकूर तिथेच दुरुस्त करण्याची सोय आहे. जरूर करा, पुढच्या माणसाचा वेळ वाचतो.

पहिल्या दिवसाच्या चार ओळी भरून पाहू. बर्चग्रोव्ह ओव्हलवर बालमेनने वेस्टर्न सबर्ब्जला २४-० आणि साउथ सिडनीने नॉर्थ सिडनीला ११-७ हरवले. वेंटवर्थ पार्कवर ईस्टर्न सबर्ब्जने न्यूटाउनला ३२-१६ आणि ग्लीबने न्यूकॅसलला ८-५ हरवले. आठ संघ, चार सामने. नववा संघ कंबरलँड पहिल्या फेरीत नव्हताच, तो दुसरीपासून आला. नऊ संघ झाल्यावरही फेरीत सामने चारच, एक संघ विश्रांतीवर. म्हणजे फेरीच्या जास्तीत जास्त चार ओळी भरतील. पाचवी आली तर युनियनचा किंवा खालच्या श्रेणीचा सामना घुसला असे समजा. मात्र नऊ संघ एकमेकांशी एकदा खेळले तर ३६ सामने होतात, म्हणून ३६ ओळी आधीच आखून बसू नका. सामने किती झाले हे पानांवरूनच ठरवायचे.

लगेच ताळा घ्या. केलेल्या गुणांची बेरीज: २४, ०, ११, ७, ३२, १६, ८ आणि ५ मिळून १०३. स्वीकारलेल्या गुणांची बेरीजही १०३ च यायला हवी. फरकाचा रकाना बालमेन +२४, ईस्टर्न सबर्ब्ज +१६, साउथ सिडनी +४, ग्लीब +३ आणि समोरच्यांचे तेवढेच उणे, बेरीज शून्य. विजयाला २ गुण, म्हणून चार सामन्यांचे मिळून ८. हा ताळा प्रत्येक फेरीनंतर घ्या. हंगाम संपल्यावर घेतला तर ३ गुणांची तफावत दिसते, पण ती कुठल्या शनिवारी शिरली हे शोधायला सगळी पाने पुन्हा उलटावी लागतात.

या ताळ्याला एक चूक मात्र सापडत नाही. एका संघाचा ८ तुम्ही ३ असा उतरवला तर दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच घटते. तिथे ट्राय-गोलांचे गणित कामी येते. तेव्हा ट्रायला ३ आणि गोलला २ गुण होते. गुणसंख्या विषम असेल तर ट्रायही विषम, सम असेल तर ट्राय सम. ५ म्हणजे एक ट्राय, एक गोल, दुसरी शक्यता नाही. ७ म्हणजे एक ट्राय, दोन गोल. ११ चे दोन प्रकार: तीन ट्राय व एक गोल, किंवा एक ट्राय व चार गोल. ८ मध्ये ट्राय दोन असतील किंवा एकही नसेल. वृत्तांतात तीन ट्राय मोजले आणि शेवटी गुण ८ छापले, तर काहीतरी चुकले आहे. दुसरे वर्तमानपत्र काढा. फार सुंदर हत्यार आहे हे, आणि सिडनीच्या हंगामांना १९७० पर्यंत चालते. १९७१ मध्ये फील्ड गोल (म्हणजेच ड्रॉप गोल) १ गुणाचा झाला आणि १९८३ पासून ट्राय ४ गुणांचा.

दोन वर्तमानपत्रांत निकाल वेगळा आला तर सरासरी काढायची नाही की आवडते पत्र खरे मानायचे नाही. ट्राय-गोलांची बेरीज ज्याच्या आकड्याशी जुळते तो घ्या, दुसरा शेऱ्यात लिहा. दोन्ही जुळत नसतील तर ओळ रंगवून ठेवा आणि बुधवारचा ‘रेफरी’ पाहा.

पुढचे हंगाम घ्याल तेव्हा नियम गृहीत धरू नका, कारण विजेता ठरवायची पद्धत बदलत गेली. १९०९ चा अंतिम सामना खेळलाच गेला नाही: कांगारू (ऑस्ट्रेलियाचा लीग संघ) आणि वॉलबीज (युनियन संघ) यांच्या सामन्याआधीचा सामना म्हणून तो ठेवला, बालमेनने हरकत घेतली आणि संघ आलाच नाही. साउथ सिडनी विजेता. अशी ओळ ‘पुढे चाल’ म्हणून नोंदवा, गुणांचे रकाने रिकामे. १९१० ला न्यूटाउन आणि साउथ सिडनी ४-४ बरोबरीत सुटले (४ म्हणजे फक्त दोन गोल, ट्राय कोणाचाच नाही) आणि तक्त्यात वर असलेला न्यूटाउन विजेता ठरला. १९२२ ला नॉर्थ सिडनी आणि ग्लीबचे गुण सारखे झाले, तेव्हा निर्णायक सामना खेळवला. नॉर्थ सिडनी ३५-३. संघांची यादीही दरवर्षी नव्याने करा: कंबरलँड एका हंगामात संपला, न्यूकॅसल १९०९ नंतर बाहेर पडला, १९१० ला अॅनँडेल आला.

हीच शीट ठाण्यातल्या एखाद्या जुन्या कबड्डी स्पर्धेला लावता येते आणि लावायला हवी, कारण आपल्याकडच्या निकालांचे कात्रणही फार दिवस टिकत नाही. सुरुवात १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या अंकांची चौकशी करून करा. मंडळांच्या स्मरणिका आणि कप्प्यात पडलेल्या कार्यक्रमपत्रिकाही मागा. नावांचा घोळ इथेही आहे: एकाच देवाच्या नावाचे मंडळ कोपरीत एक आणि कळव्यात दुसरे असू शकते, म्हणून संघाच्या नावापुढे वस्ती लिहाच. कबड्डीत सम-विषमचा ताळा चालत नाही, कारण तिथे १ गुणही मिळतो आणि लोणाचे २. त्याऐवजी मध्यंतराचे गुण वेगळ्या रकान्यात घ्या. अंतिम गुण त्याहून कमी असूच शकत नाहीत.

सर्वांत जास्त चुका पाच-पाच चढायांच्या डावात होतात. समजा सामना ३०-३० बरोबरीत सुटला आणि जादा डावात ७-५ झाले, तर एक पत्र ३७-३५ छापते, दुसरे नुसते ७-५. मूळ गुण आणि जादा डावाचे गुण वेगळ्या रकान्यांत ठेवा. कात्रणाचा फोटो काढताना वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख असलेली पानाची वरची पट्टीही त्याच चौकटीत येऊ द्या. ती सुटली तर तो निकाल कुठल्या वर्षाचा, हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही.