ब्रिसलनोज प्लेको: टाकीतला नदीचा मासा

दुकानात ‘सकर’ किंवा ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून जे पाचेक सेंटिमीटरचं पिल्लू मिळतं, ते बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस असतं. ते 40 सेंमीच्या वर वाढतं आणि घरच्या टाकीत मावत नाही. मग लोक ते तळ्यात सोडतात, आणि मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. सोडू नका, आणि मुळात घेऊच नका. घरासाठी मागायचा तो ब्रिसलनोज, म्हणजे अ‍ॅन्सिस्ट्रस. दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा मासा, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, पूर्ण वाढ 12 ते 15 सेंमी. खूण पाठीवरच्या पराची (फिनची): ब्रिसलनोजला पुढच्या काट्यामागे साधारण 7 काड्या असतात, सकरला 10 किंवा जास्त. पर शिडासारखा लांब-रुंद दिसला तर पिल्लू परत ठेवा.

टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे साधारण 100 लिटरची. त्यात एक नर आणि एक-दोन माद्या. दोन नर एका गुहेसाठी गालावरच्या काट्यांनी एकमेकांना जखमी करतात. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू. टोकदार खडीने पोट आणि तोंड सोलवटतं. ड्रिफ्टवूडचा (पाण्यात ठेवायच्या वाळक्या लाकडाचा) एक तुकडा हवाच, कारण हा मासा लाकूड खरवडतो. लाकूड आधी उकळून आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा. त्यानंतरही पाणी चहासारखं झालं तरी माशाला त्रास नाही.

मासा आणायच्या आधी फिल्टर चार ते सहा आठवडे चालवा, आणि त्या काळात टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून फिल्टरमधल्या, माशांची घाण निकामी करणाऱ्या जीवाणूंना अमोनिया मिळतो आणि ते वाढतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशाला विषारी द्रव्यं दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा सोडू नका. हा मासा भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो, म्हणून 100 लिटरला ताशी 600 ते 800 लिटर फिरवणारा फिल्टर लावा. दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढून. पीएच (पाण्याची आम्लता) 6.5 ते 7.5 उत्तम.

तापमान 23 ते 27 अंश. आपल्याकडे खरी अडचण एप्रिल-मेची. पाणी 32 अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमका तेव्हाच माशाला जास्त लागतो. मासा पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर झेपावून हवा गिळू लागला तर तो खेळत नाही; या कुळातले मासे पोटाच्या अस्तरातूनही हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, आणि पाण्यात तो पुरेना की तसं करतात. लगेच एअर पंप वाढवा, झाकण काढून पाण्यावर पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

आता सगळ्यात जास्त मासे ज्याने मरतात ती चूक: ‘शेवाळ खाईल, वेगळं कशाला द्यायचं?’ नव्या टाकीत शेवाळ चार दिवसांत संपतं आणि मासा हळूहळू उपाशी मरतो. पोट आत गेलेलं, डोळे खोल दिसले की उशीर झालेला असतो. रात्री दिवा बंद केल्यावर अल्गी वेफर (शेवाळाची तयार वडी) द्या. आलटून पालटून काकडी, झुकिनी, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक. भाजी स्टीलच्या काट्याला टोचून बुडवा आणि सकाळी उरलेली काढा. कोळंबीसारखं प्राणिज खाद्य आठवड्यातून एकदा पुरे. जास्त झालं तर पोट फुगतं.

मासा जाळीने पकडू नका, गालावरचे काटे अडकून मोडतात. प्लास्टिकच्या डब्यात हाकला. तांबं असलेली औषधं टाळा.

पिल्लं हवी असतील तर 12 ते 15 सेंमी लांब, 4-5 सेंमी रुंद, एका टोकाला बंद अशी मातीची नळी आडवी ठेवा. मोठ्या नराच्या नाकाडावर फाटे फुटलेल्या मिशा असतात. मादीला नसतात, किंवा ओठाच्या कडेला थोड्याशाच. नारिंगी अंडी घातली की नर आत बसून परांनी वारा घालतो. तेव्हा नळी हलवू नका. चार ते दहा दिवसांत पिल्लं निघतात, आणि पोटावरचं बलक संपायला आणखी आठवडाभर. बलक संपलं त्याच दिवसापासून काकडी-पालक द्या आणि फिल्टरच्या तोंडावर स्पंज चढवा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.