बालीच्या कथांतला परदेशी पाहुणा: अभ्यास सुरू करताना

इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या लेखकांच्या कथांत टुरिस्ट कसा दिसतो, हा विषय घ्यायचा ठरवलात तर आधी इंडोनेशियन भाषेला हात घाला. बहुतेक कथांचे अनुवाद झालेलेच नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांना भाषा आणि कला शिकण्यासाठी इंडोनेशियाचं सरकार ‘दर्मासिस्वा’ शिष्यवृत्ती देतं, तिची चौकशी करा. बाली भाषा नंतर सावकाश शिकलात तरी चालेल.

थोडा इतिहास पाठ हवा. देनपसारचं बाली हॉटेल १९२८चं, सानूरचं बाली बीच हॉटेल १९६६चं. १९६९ मध्ये बालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला आणि गर्दी वाढत गेली. १२ ऑक्टोबर २००२ला कुटा या पर्यटकांच्या वस्तीत बॉम्बस्फोट होऊन २०२ माणसं गेली. कथा यातल्या कुठल्या काळातली, हे ठाऊक नसेल तर दुकानदाराच्या बोलण्यातली चिंता कळत नाही.

नवे विद्यार्थी टुरिस्टाच्या पात्रामागे धावतात. मी म्हणेन, यजमानाचं घर वाचा. टुरिस्ट बऱ्याचदा पुसटच असतो. पेच असतो तो गाइडच्या घरात. देवळाचा उत्सव आणि हॉटेलची ड्यूटी एकाच दिवशी येते. बंजार, म्हणजे वस्तीची संघटना, तिथल्या कामाला सतत दांडी मारणाऱ्याला वाळीत टाकू शकते. मग मयताला खांदा कोण देणार? गोऱ्या मैत्रिणीशी लग्न करावं की नाही, हा प्रश्नही शेवटी याच अंगणात येऊन पडतो.

संवाद कुठल्या भाषेत चाललाय, याची वहीत नोंद ठेवा. गिऱ्हाइकाशी इंग्रजी, मॅनेजरशी इंडोनेशियन, पुरोहिताशी मानाची बाली भाषा: एकच माणूस दिवसभरात किती वेळा वाकतो, ते यातून दिसतं.

आपल्याला एक फायदा आहे. बालीतली विक्रेती पहिल्या विक्रीची नोट बाकीच्या मालावर टेकवते. ही भवानी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. पण रामायण आणि देवळं पाहून ‘हे तर आपलंच’ म्हणू लागलात, की तुम्हीही टुरिस्टच झालात. तिथला यज्ञ, तिथली जात, तिथले पितर वेगळे आहेत, ते त्यांच्याकडूनच शिकायचे.

कथा शोधायला ‘बाली पोस्ट’ या दैनिकाच्या रविवारच्या जुन्या पुरवण्या चाळा. कवी उंबू लांडू परांगी यांनी तिथलं साहित्याचं पान वर्षानुवर्षं सांभाळलं आणि कितीतरी नवे लेखक घडवले. समीक्षेसाठी उदयना विद्यापीठाचे न्योमान दर्मा पुत्रा यांचं लेखन घ्या, पण निदान दहा-बारा कथा स्वतः वाचून झाल्यावर.