नवलेखकाने समाजमाध्यमांवर स्वतःची जाहिरात करावी का, आणि कशी?

करावी, पण दाखवण्यासारखं लेखन हाताशी असेल तेव्हाच. निदान दोनदा पुनर्लेखन केलेल्या चार-पाच कथा, लेख किंवा कविता तयार हव्यात. एका कथेच्या जोरावर पेज उघडलं की दुसऱ्याच आठवड्यात टाकायला काही उरत नाही. मग सुविचार आणि सूर्यास्ताचे फोटो सुरू होतात आणि वाचायला आलेला माणूस निघून जातो.

काय टाकायचं नाही, हे आधी ठरवा. मासिकाला, स्पर्धेला किंवा प्रकाशकाला पाठवायचं लेखन टाकू नका. 'साहित्य अप्रकाशित असावे' ही अट पुष्कळ ठिकाणी असते आणि फेसबुकवरची पोस्टसुद्धा अनेक संपादक प्रकाशितच धरतात. नंतर पोस्ट काढून टाकली तरी स्क्रीनशॉट फिरत राहतात. संगणकात 'पाठवायचं' आणि 'टाकायचं' असे दोन फोल्डर ठेवा. साभार परत आलेली कथाही रागाच्या भरात टाकू नका, ती दुसरीकडे पाठवता येते.

माध्यम एकच निवडा. सलग गद्य लिहिणाऱ्याला फेसबुक सोयीचं पडतं. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरचिन्हंच मावतात, म्हणजे मराठीत जेमतेम तीन-साडेतीनशे शब्द. शिवाय तिथे कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, ती बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या छोट्या ओळखीत, द्यावी लागते. कविता आणि छोटे उतारे मात्र तिथे चांगले पोचतात.

आता प्रत्यक्ष पोस्ट. फोनवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर बोट लावल्याशिवाय उघडत नाही. म्हणून "नमस्कार मित्रांनो, एक छोटीशी कथा सादर करत आहे, आवडल्यास नक्की कळवा" ही सुरुवात जागा वाया घालवते. त्याजागी कथाच सुरू होऊ दे: "आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली सापडली, ती माझ्याच दप्तरात." वाचक पुढे जाईल तो या किल्लीसाठी, तुमच्या विनंतीसाठी नाही. परिच्छेद तीन-चार वाक्यांचे ठेवा आणि मधे एक ओळ मोकळी सोडा.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर देवनागरीच दिसेल अशा टायपिंगमध्ये. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं तसंच चिकटवलं तर वाचकाला निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, आधी रूपांतर करून घ्या. नुसतं चित्र करून टाकलेलं लेखन सहसा शोधात सापडत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला ते ऐकता येईलच असं नाही. कवितेच्या ओळी मोडू नयेत म्हणून चित्र केलंत, तरी खाली मजकूर द्याच. नाव शीर्षकाखाली आणि शेवटी असं दोन्हीकडे लिहा. फॉरवर्ड होताना एखादं गळतंच. चोरी झाली तर मूळ पोस्टची तारीख उपयोगी पडते, म्हणून ती पोस्ट पुसू नका.

आठवड्याला एक पोस्ट पुरते. ती टाकल्यावर तासभर हाताशी राहा आणि प्रत्येक कमेंटला उत्तर द्या. स्वतःबद्दलच्या एका घोषणेमागे चार वेळा वाचायला काहीतरी द्या, आणि दुसऱ्यांचं लेखन वाचून नेमकं काय आवडलं ते लिहा. नव्या लेखकाला वाचक मिळतात ते बहुतेक असेच. चाळीस जणांना टॅग करणं, नामवंतांच्या इनबॉक्समध्ये न विचारता पीडीएफ टाकणं, फॉलोअर विकत घेणं, हे तिन्ही टाळा. विकतचे फॉलोअर वाचत नाहीत. त्यामुळे प्रतिसादाचं प्रमाण घसरतं आणि पोस्ट खऱ्या वाचकांपर्यंतही कमी जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज अनेकांना स्वतंत्रपणे पाठवता येईल अशी यादी. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. आधी विचारा, मगच नाव घाला. सोबत इच्छुक वाचकांचे ईमेल पत्तेही जमवा. खातं हॅक झालं किंवा बंद पडलं तरी ही यादी तुमच्याकडे राहते.

लाइक मोजत बसू नका, पहिले बहुतेक नातेवाइकांचेच असतात. अनोळखी वाचकाने एखादी ओळ उद्धृत केली किंवा पोस्ट शेअर केली, तर ती नोंदून ठेवा. तीन महिन्यांनी ही नोंद बघा. लिहिण्याचा वेळ पोस्टिंगमध्ये जात असेल तर खुशाल थांबा. मासिकांत लिहू पाहणाऱ्याचं याशिवाय काही अडत नाही. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याला मात्र ही वाट सोडता येत नाही, कारण त्याच्यासाठी विक्री करणारं दुसरं कुणी नसतं. त्याने मुखपृष्ठ, पानं, किंमत आणि मागणी कुठे नोंदवायची एवढं सांगणारी एक पोस्ट प्रोफाइलवर सर्वांत वर पिन करावी.