जंगलासाठी गट काढताय? आधी आपल्या बीटच्या (वनरक्षकाच्या हद्दीच्या) वनरक्षकाला भेटा

वन्यजीवांसाठी काम म्हटलं की सातारा-सांगलीतल्या नवख्यांना आधी कोयना-चांदोली आठवतं, म्हणजे २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथल्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. नव्या गटाला खरं काम मिळतं ते सागरेश्वरसारख्या छोट्या अभयारण्यात आणि गावालगतच्या उघड्या डोंगरांवर.

नोंदणीची घाई नको. सात जण जमले की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. आपल्याकडे तिची न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद लागते. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो राहिला की पुढे बँकेतल्या सह्या अडतात, आणि बरेच गट नेमके इथेच बसतात. एखादा हंगाम वनविभागासोबत काम करून मगच कागद करावेत.

पहिलं काम जाळरेषेचं, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणून संक्रांत झाली की लागायचं. पट्ट्यातलं गवत कापून मधोमध ओढायचं आणि वनकर्मचारी हजर असतानाच पहाटे, वारा पडलेला असताना जाळायचं. उन्हं वर आल्यावर पेटवलं की वारा फिरतो आणि आपलीच जाळरेषा वणवा होते. वणवा विझवायला निरगुडीसारख्या ओल्या डहाळ्या घ्यायच्या. डहाळी उंच उगारून आपटली तर ठिणग्या पलीकडच्या गवतात उडतात. ती दाबून जळालेल्या बाजूला ओढायची. आग चढावर धावते, त्यामुळे तिच्या वरच्या अंगाला कधीच थांबू नये. कपडे सुतीच हवेत, टेरिकॉट अंगाला चिकटतं. ज्वाळा गेल्या तरी खुंट आणि वाळलं शेण आत धुमसत असतं. ते उकरून विझवल्याशिवाय खाली उतरू नका, नाहीतर दुपारी पुन्हा तोच डोंगर.

पाणवठ्याला एक तरी बाजू उतरती आणि खडबडीत ठेवा. सरळ भिंतीच्या टाकीत ससे, साळिंदर, पाखरं बुडून मरतात. शेवाळ निव्वळ ब्रशनं घासा, ब्लीचिंग नको. काठावर मेलेलं पाखरू दिसलं तर विषप्रयोगाची शंका धरून लगेच कळवा. तारेचा फासा दिसला तर तो काढून आणणं हा उत्साही पोरांचा नेहमीचा घोळ. फासा जागेवर असतानाच पंचनामा व्हावा लागतो. फोटो घ्या, ठिकाण नोंदवा आणि वनरक्षकाला बोलवा. त्याचा फोन लागला नाही तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला लावा.

कराड, पाटण, शिराळ्याकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. इथे गटाचं काम एकच, गर्दी हटवणं. ते सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात गरजेचंही. पिल्लांना हात लावायचा नाही, दूध पाजायचं नाही, सेल्फी तर नाहीच. त्या फडातली तोड थांबवायला शेतकऱ्याला आणि मुकादमाला समजवायचं. मजुरांची रोजी बुडते, म्हणून तोपर्यंत दुसरा फड मिळतोय का तेही बघायचं. संध्याकाळी वनविभाग पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतो आणि कॅमेरा लावतो. मग बांधावर एकही माणूस, गाडी किंवा बॅटरी दिसता कामा नये. माणसाची चाहूल लागली तर मादी जवळ येत नाही. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्रीही तीच पाळत ठेवायची, आणि तोवर शेताचं नाव व्हॉट्सॲपवर जाऊ द्यायचं नाही.