पिरॅमिड मोजताय? आधी या चुका टाळा

घरबसल्या इजिप्तच्या वास्तूंचा अभ्यास करणारा जो तो गिझाच्या खुफू राजाच्या पिरॅमिडपासून सुरुवात करतो आणि आठवड्याभरात '२२/७' पाशी, म्हणजे वर्तुळाच्या 'पाय'पाशी, येऊन पोचतो. तळाची परिमिती भागिले उंची, उत्तर ६.२८. पायच्या बरोबर दुप्पट! मीही वहीत ते लाल शाईने अधोरेखित केलं होतं.

घोळ एककाचा आहे. मीटर बाजूला ठेवा, हातात मोजा. इजिप्तचा शाही हात साधारण ५२.४ सेंटिमीटरचा, चार बोटांचा एक पंजा, सात पंजांचा एक हात. आपल्याकडे हात-वीत-बोटं होतीच, त्यामुळे हे डोक्यात चटकन बसतं. २३०.३ मीटरची बाजू होते ४४० हात, मूळची १४६.६ मीटर उंची २८० हात. तिथले कारागीर उतार अंशांत मोजत नसत. एक हात वर चढलं की कड किती पंजे आत सरते, तो 'सेकेद'. इथे तो साडेपाच पंजे. तेवढा एक आकडा ठरला की २२/७ आपोआप टपकतो. ऱ्हिंड पपायरस या प्राचीन इजिप्शियन गणिताच्या गुंडाळीत सेकेदची गणितं चक्क सोडवून दाखवली आहेत.

आकडे तरीही जुळत नसतील, तर कुठून कुठे मोजलंय ते बघा. वरचा गुळगुळीत चुनखडीचा थर बहुतेक निघून गेलाय, उंची १३८ मीटरच्या आसपास उरलीय. जुने मोजणीदार कोपऱ्यांतल्या खाचांमधलं अंतर धरत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने १८८०–८२ मध्ये दाखवलं, की फरसबंदीवरची खरी बाजू त्याहून जवळजवळ दीड मीटरने कमी आहे. गंमत म्हणजे तो आला होता 'पिरॅमिड इंचा'चा सिद्धांत (पिरॅमिड एका खास पवित्र इंचात बांधलाय, असा) तपासायला आणि मोडून गेला तोच. आत एक सिद्धांतवाला ग्रॅनाइटचा उंचवटा कानशीने घासून हव्या त्या मापाला आणत होता, असं पेट्रीने सांगून ठेवलंय.

'बांधकामाची कागदपत्रं नाहीत' असंही छातीठोकपणे लिहू नका. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ या जुन्या बंदरावर खुफूच्याच काळातल्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली: तुराच्या खाणीतून चुनखडी भरायची, नावेने गिझाला न्यायची, परत फिरायचं.

आणि प्रत्यक्ष गेलात तर नमुना म्हणून चिमूटभर रंगही खरवडू नका. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या पुरातन वास्तू संरक्षण कायद्याखाली तुरुंगही होऊ शकतो. टेपही रक्षकाला विचारूनच काढा.