३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ ला ५ व्होल्टचे मोड्यूल कसे जोडावे

मोड्यूलवर छापलेले ‘५ व्होल्ट’ हे त्याच्या पुरवठ्याचे असते. सिग्नलच्या पिनवर किती व्होल्ट येतात, हे डेटाशीटमध्ये वेगळे पाहावे लागते. ईएसपी३२ या ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर ३.६ व्होल्टपेक्षा जास्त येऊ देऊ नये. ‘थेट जोडा, काही होत नाही’ असे सांगणाऱ्यांचे सर्किट टेबलावर तासभर चाललेले असते; दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्षबागेत ठिबकच्या टाकीवरची पेटी मात्र उन्हाळाभर चालावी लागते.

एकाच दिशेने येणारा सिग्नल सोपा असतो. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या इको (सिग्नल बाहेर देणाऱ्या) पिनपासून १ किलोओहमचा रेझिस्टर ईएसपी३२ च्या पिनपर्यंत न्यावा आणि त्या पिनपासून २ किलोओहमचा ग्राउंडला जोडावा. व्होल्ट विभागणाऱ्या या जोडीने, म्हणजे डिव्हायडरने, ५ चे ३.३३ व्होल्ट होतात.

खरी अडचण आयटूसी या दोन तारांच्या (डेटाची एसडीए आणि क्लॉकची एससीएल) जोडणीची आहे, कारण तिथे एकाच तारेवरून दोन्ही बाजू बोलतात. टाकीची पातळी दाखवणारा एलसीडी जोडताना मी एसडीए आणि एससीएलवरही हेच दोन रेझिस्टर लावले. डिस्प्लेचा दिवा लागला, पण अक्षर उमटेना. मी कोडमधला डिस्प्लेचा पत्ता बदलला, लायब्ररी बदलली, दोन संध्याकाळी घालवून डिस्प्लेही बदलला. शेवटी मल्टिमीटर लावला, तेव्हा काहीही चालू नसताना ईएसपी३२ च्या पिनवर जेमतेम १.३ व्होल्ट दिसले. मोड्यूलवर तार ५ व्होल्टकडे ओढणारा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे पुल-अप, आधीच बसवलेला होता. माझे १ आणि २ किलोओहम त्याच्याच साखळीत शिरले आणि ‘हाय’ (म्हणजे ‘१’ समजली जाणारी) पातळी कोणत्याच बाजूला उरली नाही. आयटूसीवर रेझिस्टरचा डिव्हायडर लावू नये, मग तो कोणीही सुचवलेला असो.

तिथे बीएसएस१३८ मॉस्फेटचा (स्विचसारख्या ट्रान्झिस्टरचा) चार चॅनेलचा लेव्हल शिफ्टर, म्हणजे सिग्नलचे व्होल्ट बदलणारे मोड्यूल, घ्यावा. त्याच्या एलव्ही (कमी व्होल्टच्या) पिनला ३.३, एचव्ही (जास्त व्होल्टच्या) पिनला ५ व्होल्ट द्यावेत आणि सर्वांचा ग्राउंड एकच ठेवावा. ३.३ ची बाजू तार खाली ओढते तेव्हा मॉस्फेट चालू होतो. ५ ची बाजू ओढते तेव्हा आधी त्याच्या आतला डायोड वाहतो आणि मग मॉस्फेट चालू होतो, म्हणून दिशा सांगावी लागत नाही. दुकानदार त्याऐवजी टीएक्सबी०१०८ हा दुसरा लेव्हल शिफ्टर पुढे करील, तर तो परत द्यावा. पुल-अप असलेल्या तारांसाठी तो बनवलेलाच नाही.

डब्ल्यूएस२८१२बी एलईडीच्या पट्टीला ५ व्होल्टवर ‘हाय’ म्हणून ३.५ व्होल्ट लागतात आणि तिच्या वेगाला बीएसएस१३८ अपुरा पडतो. तिथे ७४एएचसीटी१२५ हा बफर चिप वापरावा.

ईएसपी३२ च्या एसडीए-एससीएलमध्ये वायरी सर्वांत शेवटी खोचाव्यात. एलव्ही आणि एचव्हीची अदलाबदल ही सर्वांत सहज होणारी चूक असल्याने, आधी पुरवठा देऊन शिफ्टरच्या दोन्ही बाजूंच्या तारा मोजाव्यात, एकीकडे ३.३ आणि दुसरीकडे ५ दिसले, तरच पुरवठा बंद करून त्या दोन वायरी लावाव्यात.